बोट वेगात आली की डावीकडे कलते. इंजिन सरकवण्याआधी काय काय तपासू?

ओरसंगकाठ | १६ नोव्हेंबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. राहतो बडोद्यात, पण बोट असते चांदोदला मामांच्या वाड्यात. फायबरची, १४ फुटी, तळ व्ही आकाराचा, मागे बाहेरून लटकवलेलं २५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन, स्टिअरिंग उजवीकडे. दोन वर्षांपूर्वी जुनी घेतली आणि मागच्या मेपर्यंत एका शब्दाची तक्रार नव्हती.

जूनमध्ये पाण्याबाहेर काढून ट्रेलरसकट शेडमध्ये ठेवली, दिवाळीनंतर परत नर्मदेत उतरवली. तेव्हापासून नवीन दुखणं. घाटाला बांधलेली असताना सरळ दिसते. हळू चालवली तरी सरळ. पण वेग घेऊन पाण्यावर उचलली गेली की डावीकडे कलायला लागते, आणि जितका वेग वाढवावा तितकी जास्त. मल्हारराव घाटावरच्या नाववाल्याने काठावरून बघूनच सांगितलं, "साहेब, होडी डाबी बाजू नमे छे."

बॅटरी डावीकडून उजवीकडे नेली. फरक शून्य. मेकॅनिक म्हणतो इंजिन एक इंच उजवीकडे सरकवू. म्हणजे मागच्या फळीला चार नवी भोकं. माझा हात धजावत नाही.

माघात नर्मदा जयंतीला आजीला बोटीतून ओरसंग-नर्मदेच्या संगमावर न्यायचं कबूल केलंय. ती ८६ वर्षांची आहे. अशा कलणाऱ्या बोटीत तिला बसवणार नाही. काय तपासू, कुठल्या क्रमाने?

---

मांडवीकर | १६ नोव्हेंबर, रात्री ९:३२

प्रॉपचा टॉर्क, म्हणजे इंजिनाच्या पंख्याचा पीळ. पंखा मागून बघितला तर घड्याळाच्या दिशेने फिरतो, बोट उलट दिशेने पिळली जाते, म्हणजे डावी बाजू खाली. म्हणूनच तर स्टिअरिंग उजवीकडे देतात, चालवणाऱ्याच्या वजनाने तोल राहावा म्हणून. तुम्ही बारीक झालात का हल्ली?

---

ओरसंगकाठ | १६ नोव्हेंबर, रात्री ९:४०

दिवाळीनंतर कोण बारीक होतं, दादा! पंखा तोच, इंजिन तेच, मी तोच. मेमध्ये टॉर्क नव्हता का?

---

प्राची_अलकापुरी | १६ नोव्हेंबर, रात्री १०:१५

मांडवीकर, दिशा तुमची बरोबर आहे, पण आकडा बघू या. २५ हॉर्सपॉवर म्हणजे साधारण १८.६ किलोवॉट. इंजिन मिनिटाला ५,५०० फेऱ्यांवर असेल आणि खालचा गिअर दोनास एकच्या आसपास धरला, तर पंखा फिरतो २,७०० च्या जवळपास. त्यावरून पंख्याच्या दांड्यावरचा पीळ येतो सुमारे ६५ न्यूटन-मीटर. साध्या भाषेत, मध्यरेषेपासून एक मीटरवर साडेसहा किलो ठेवल्याइतका.

आता चालवणारा ७० किलोचा, मध्यापासून ४५ सेंटिमीटर उजवीकडे बसलेला. तो जवळजवळ पाचपट जोराने उलट बाजूला दाबतोय. एवढ्याशा इंजिनाचा टॉर्क एकटा ही बोट डावीकडे पाडणार नाही. तो आहे, पण मुख्य आरोपी नाही.

---

देवबाग | १६ नोव्हेंबर, रात्री ११:०५

मालवणहून लिहितोय. आमच्याकडे घरटी एक बोट, म्हणून अनुभवाचं सांगतो. पावसाळ्यानंतर बोट कलायला लागली की पहिला संशय पाण्यावर. नदीच्या नव्हे, बोटीच्या पोटातल्या.

बसायच्या फळ्यांखाली आणि पाटाखाली, म्हणजे पाय ठेवतो त्या तक्त्याखाली, फोम भरलेला असतो, बोट बुडू नये म्हणून. पाटाला एखादी बारीक चीर असली की पावसाचं पाणी आत शिरतं आणि फोम ते वर्षानुवर्षं धरून ठेवतो. माझ्या चुलतभावाच्या बोटीतून आम्ही ओला फोम पोत्याने काढला होता. बोट बाहेरून कोरडी ठाक.

तुम्ही म्हणाल, बांधलेली असताना सरळ आहे मग पाणी कसं असेल? तर मोकळं पाणी एका जागी बसत नाही. बोटीने नाळ, म्हणजे पुढचं टोक, उचलली की सगळं मागे धावतं आणि जी बाजू केसभर खाली असेल तिकडे जमतं. मग ती बाजू अजून खाली, मग अजून पाणी तिकडे. थांबलात की परत पसरतं. त्यामुळे घाटावर सरळ दिसण्यावर जाऊ नका. बूच काढून बोट उताराला लावा आणि किती पाणी येतं ते बघा. एक लिटर म्हणजे एक किलो, हिशेब सोपा आहे.

---

भिगवण_पाणी | १७ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

वारा बघितलात का? हसू नका. उजनीवर मला दोन महिने वाटत होतं की माझी बोट उजवीकडे कलते. मी जायचो नेहमी दुपारी, एकाच काठाने, आणि वारा नेहमी उजव्या अंगाचा.

आपल्याला वाटतं वारा बोटीला पलीकडे ढकलेल. वेगात धावणारी व्ही तळाची बोट करते उलटं. वारा तिला वाटेवरून ढकलतो, आपण नकळत स्टिअरिंग वाऱ्याकडे धरून ठेवतो, आणि इंजिन थोडं वळलेलं राहिलं की वळणावर जशी कलते तशी ती वाऱ्याच्याच बाजूला कलते. सरळ जात असताना.

परीक्षा एका मिनिटाची. त्याच पट्ट्यात जा आणि परत या. परतताना दुसऱ्या बाजूला कलली तर बोट ठणठणीत आहे, दोष वाऱ्याचा.

---

मांडवीकर | १७ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

प्राचीताई, आकडा मान्य. पण आहे म्हणालात ना, तेवढं लक्षात ठेवतो.

---

राजमहालरोड | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

चांदोदला निघालाच आहात तर डभोईत थांबून नाश्ता करा. की बडोद्यातूनच सेव-उसळ खाऊन निघणार? आणि परतताना हिरा भागोळ बघायला थांबा, त्या दरवाज्यावरचं कोरीव काम दर वेळी नवीन वाटतं.

---

वाड्यातली_सून | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

सेव-उसळ खाऊन बोटीत बसाल तर तर्री कुठल्या बाजूला कलते तेही लिहा इथे.

एक गंभीर गोष्ट. तळ बघायला कृपा करून पाण्यात उतरू नका. मगरी फक्त आपल्या विश्वामित्रीतच आहेत असं नाही, नर्मदेतही आहेत. बोट बाहेर काढूनच काय ते बघा.

---

ओरसंगकाठ | २३ नोव्हेंबर, रात्री ८:४५

सगळ्यांचे आभार. शनिवार-रविवार चांदोदला होतो. धरणातून पाणी सोडलं की इथे पातळी आणि ओढ दोन्ही बदलतात, म्हणून पहाटे, नदी संथ असताना चाचण्या केल्या. मधल्या फळीवर गवंड्याची पाणसळ चिकटपट्टीने बसवली आणि शेजारी मोबाइलवर अंश दाखवणारं ॲप. मामेभाऊ आकडे लिहीत होता, तोही मधोमध बसून.

घाटाला बांधलेली, आत कोणी नाही: अर्धा अंश डावीकडे.
मी स्टिअरिंगवर, भाऊ मधोमध, इंजिन बंद: दीड अंश उजवीकडे.
ताशी १० किलोमीटर: जवळपास तेवढंच.
२० ला: दोन अंश डावीकडे.
३० ला: सात अंश डावीकडे. इथे भाऊ घट्ट धरून बसला.

वारा नव्हता. तरी भिगवणकरांनी सांगितल्याप्रमाणे तोच पट्टा दोन्ही दिशांनी केला. जाताना डावीकडे, येतानाही डावीकडे. म्हणजे वारा आरोपातून सुटला.

बूच काढलं. अर्धी बादली पाणी आलं, बस. पण देवबागकर म्हणतात तसं फोमने धरून ठेवलेलं पाणी बुचातून येणार नाही, ते कसं ओळखू? पाटाला भोकं पाडायची का?

---

देवबाग | २३ नोव्हेंबर, रात्री ९:२०

भोकं सगळ्यात शेवटी. आधी वजन करा. बोट ट्रेलरवर आहे ना? वजनकाट्यावर न्या. पूर्ण वजन घ्या, मग फक्त डावं चाक काट्यावर, मग फक्त उजवं. एका बाजूच्या फोमने पाणी प्यायलं असेल तर काटा बोलेल.

---

कारेलीबाग_४२ | २३ नोव्हेंबर, रात्री १०:००

माझं मत वेगळं. इंजिनाच्या पंख्याच्या वर, आडव्या पत्र्याखाली, एक छोटा धातूचा पंख असतो. तो फिरवता येतो. तो वाकडा बसला असेल. माझ्या बोटीला तो सरळ केला आणि त्रास गेला.

---

प्राची_अलकापुरी | २३ नोव्हेंबर, रात्री १०:२५

कारेलीबाग, तो पंख बोट ओढते त्यासाठी असतो, कलते त्यासाठी नाही. स्टिअरिंग सोडलं की बोट एका बाजूला पळते, तर त्याची मागची कड त्याच बाजूला थोडी वळवायची. उजवीकडे ओढते तर कड उजवीकडे. आधी स्टिअरिंगचा ताण जातो, मग आपण नकळत ते वाकडं धरत नाही, आणि त्यातून आलेला कल असेल तर तोही जातो. तुमच्याकडे तसंच झालं असेल.

ओरसंगकाठ, तुमचं स्टिअरिंग ३० च्या वेगात कुठल्या बाजूला ओढतं?

आणि तुमच्या आकड्यांतच अर्धं उत्तर आहे असं मला वाटतं. वजनाचा दोष असता तर तो थांबलेल्या बोटीत आधी दिसला असता. वजन काही वेगाबरोबर वाढत नाही. पाण्याचा तळावरचा जोर वाढतो, आणि तो वेगाच्या वर्गाने. २० चा ३० केला की सव्वादोन पट. तुमचा कल नेमका तसाच वाढतोय. मला तळावर संशय आहे. देवबागदादांच्या सरकत्या पाण्याचा मुद्दा तेवढा निकाली निघायला हवा, म्हणून काटा कराच.

---

ओरसंगकाठ | २३ नोव्हेंबर, रात्री १०:४०

किंचित डावीकडे ओढतं, पण एका बोटाने धरता येईल इतकंच.

---

राजमहालरोड | २४ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

तांत्रिक बाबतीत मला कळत नाही, पण एक मनातलं लिहितो. १८ जानेवारी २०२४ ला आपल्याच गावात हरणीच्या तलावात बोट उलटली. १२ शाळकरी मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. त्या दिवसापासून बोट हा शब्द ऐकला तरी घरात सगळे गप्प होतात. दोष सापडेपर्यंत तुम्ही चाचणीलासुद्धा लाइफ जॅकेट घालूनच जा, आणि भावालाही घालायला लावा. आजींच्या मापाचं जॅकेट आत्ताच आणून ठेवा.

---

ओरसंगकाठ | २४ नोव्हेंबर, सकाळी ८:३५

घालतो. दोघंही. जॅकेटशिवाय घाट सोडत नाही, आणि आजीचं जॅकेट दिवाळीतच आणलंय. तिला केशरी रंग आवडला नाही, पण घालून बघितलं.

---

ओरसंगकाठ | ३० नोव्हेंबर, संध्याकाळी ७:१५

काट्यावर नेली. काटेवाल्याला आधी वाटलं मी थट्टा करतोय, मग तोच उत्साहाने चाक इंच इंच सरकवून देऊ लागला. डावं चाक उजव्यापेक्षा १० किलोने जास्त. काटाच १० किलोच्या टप्प्याने मोजतो, म्हणजे त्याचा एक टप्पा. भिजलेला फोम असता तर एवढ्यावर भागलं नसतं.

देवबागकर, मग फोम सुटला का?

---

देवबाग | ३० नोव्हेंबर, संध्याकाळी ७:५०

सुटला. मीच चुकलो आणि आनंदाने चुकलो, फोम उपसणं हे फार घाणेरडं काम आहे. आता प्राचीताईंच्या मागे जा.

---

जुना_फिटर | ३० नोव्हेंबर, रात्री ९:३०

मी बोटवाला नाही. नोकरीची तीस वर्षं फायबरच्या टाक्या बनवण्यात गेली, आपल्या इकडच्या केमिकल कारखान्यांसाठी. हा धागा पहिल्यापासून वाचतोय आणि एक प्रश्न कोणी विचारला नाही म्हणून आज नाव नोंदवून लिहितो.

मेमध्ये बोट चांगली होती, नोव्हेंबरमध्ये बिघडली. मधले पाच महिने ती पाण्यात नव्हतीच. मग जे झालं ते शेडमध्ये झालं. बोट शेडमध्ये कशावर ठेवली होती?

फायबर लोखंडासारखं नसतं. त्याला सतत एका जागी भार द्या, वर उन्हाळी उकाडा द्या, ते हळूहळू त्या भाराचा आकार घेतं. आडवी टाकी ज्या घोडीवर ठेवतो ती घोडी आखूड पडली की टाकीचं टोक लोंबतं. दिसत नाही, पण पट्टी लावली की कळतं. एकदा अशी आकार बिघडलेली टाकी मी स्वतःच्या हाताने नापास केली आहे, त्याचं अजून वाईट वाटतं, कारण घोडी चुकीची बसवणारा माझाच पोऱ्या होता.

बोट ट्रेलरवर ज्या दोन लांब फळ्यांवर बसते, त्या मागच्या टोकापर्यंत पोचतात का? आणि इंजिन मागे लटकतं ठेवलं होतं का?

---

ओरसंगकाठ | ३० नोव्हेंबर, रात्री ९:५५

काका, हे वाचून मी उठून उभाच राहिलो.

जूनमध्ये ट्रेलरची उजवी फळी वाळवीने खाल्लेली निघाली. मामांच्या वखारीत पडलेली सागाची फळी तिथे टाकली. ती आखूड होती. मागच्या टोकाच्या दीड-दोन फूट आधीच संपते. डावी फळी जुनीच, पूर्ण लांबीची. आणि हो, इंजिन काढलं नव्हतं. पाच महिने लटकत होतं.

---

प्राची_अलकापुरी | ३० नोव्हेंबर, रात्री १०:०५

सापडलं! पण पट्टी लावल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही.

उजव्या तळाचा मागचा दीड फूट आधाराविना होता, वरून इंजिनाचं वजन. तो भाग खाली लोंबला असेल, म्हणजे तळाची कड मागे जाता जाता खाली वळली असेल. वेगात मागे जाणारं पाणी त्या वळलेल्या भागावर आदळतं आणि त्याला वर उचलतं. काही बोटींना बूड उचलायला मागे खाली वळणारी पट्टी असते, तशी कायमची खाली केलेली पट्टीच ती. उजवी मागची बाजू वर, म्हणून बोट डावीकडे. जितका वेग जास्त तितकी उचल जास्त. तुमचे सगळे आकडे यात बसतात.

---

भिगवण_पाणी | ३० नोव्हेंबर, रात्री १०:३०

मग अजून एक गोष्ट दिसायला हवी. मागची बाजू उचलली गेली की नाळ दाबली जाते आणि बोट मंद होते. वेग कमी झालाय का हो?

---

ओरसंगकाठ | ३० नोव्हेंबर, रात्री १०:३८

झालाय! मेमध्ये आम्ही दोघं असताना ३८ गाठायचो, आता ३४ च्या वर जात नाही. मी पेट्रोलला आणि प्लगला दोष देत होतो. प्लग नवीन टाकले.

---

ओरसंगकाठ | ७ डिसेंबर, दुपारी २:२०

आज इंजिन उतरवलं आणि बोट उलटी केली. गल्लीतली नऊ माणसं, ट्रकच्या चार जुन्या ट्यूब, आणि मामींचा मोठ्याने चाललेला रामरक्षेचा पाठ.

ॲल्युमिनियमची दीड मीटरची चौकोनी नळी घेतली, आधी तिचाच सरळपणा उलटसुलट करून तपासला (हे फिटरकाकांनी निरोपात बजावलं होतं). मागच्या कडेपासून पुढे, कण्याला समांतर लावली. डावीकडे कुठेही एक मिलिमीटरची फटसुद्धा नाही. उजवीकडे कडेपासून ५० सेंटिमीटरवर ६ मिलिमीटर. नळीखालून पलीकडचा उजेड दिसत होता.

सहा मिलिमीटर! डोळ्यांना काहीच दिसत नाही. हात फिरवला तरी जेमतेम कळतं.

---

कारेलीबाग_४२ | ७ डिसेंबर, दुपारी ३:००

सोपा उपाय: डाव्या बाजूला मागे तेवढ्याच उंचीची लाकडी पाचर बसवा. दोन्ही बाजू सारख्या उचलल्या जातील, काम अर्ध्या दिवसात. आजींची फेरी वेळेत होईल.

---

भिगवण_पाणी | ७ डिसेंबर, दुपारी ३:४०

नको. कल जाईल, पण नाळ दुप्पट दाबली जाईल. मागून लाट आली की बोट नाक खुपसते आणि अचानक एका बाजूला वळते. तो प्रकार कलण्यापेक्षा वाईट. वेगही अजून पडेल. दोष आहे तिथे दुरुस्त करा.

---

कारेलीबाग_४२ | ७ डिसेंबर, दुपारी ३:५५

पटलं. माझी बोट १० फुटी आणि इंजिन ८ चं, तेवढ्या वेगात हे जाणवलं नसतं मला.

---

जुना_फिटर | ७ डिसेंबर, रात्री ९:१५

खाली वळलेली कड घासून काढू नका, तिथे जाडी कमी होईल आणि इंजिनाचा सगळा भार तिथेच येतो. पुढची खोलगट जागा भरून रेष सरळ करा.

रंग आणि वरचा गुळगुळीत थर घासून काढा, खालची फायबरची जाळी दिसेपर्यंत. मग चार दिवस उन्हात वाळू द्या. घाई इथे करायची नाही. ओलसर फायबरवर काहीही लावलं तरी पापुद्रा सुटतो. भरायला इपॉक्सी घ्या, नेहमीचं पॉलिएस्टर रेझिन जुन्या फायबरला तेवढं धरत नाही. पातळ ग्लासचे कापड-थर द्या, सगळ्यात खोल भागात जास्त, कडांकडे कमी. प्रत्येक थरानंतर नळी लावून बघा. शेवटचा हात लांबीचा, म्हणजे भरायच्या पुट्टीचा.

मागच्या फळीशी तळाची कड धारदार राहिली पाहिजे. सुंदर दिसावी म्हणून गोल कराल तर पाणी तिथून सुटणार नाही, चिकटून वर चढेल आणि बोटीचं बूड खाली ओढेल.

आणि त्या सागाच्या फळीचं आधी काहीतरी करा. नाहीतर पुढच्या दिवाळीत हाच धागा.

---

वाड्यातली_सून | ७ डिसेंबर, रात्री ९:४०

काका, तुम्ही इथे आलात हे फार छान झालं. माझ्या सासऱ्यांच्या गच्चीवरची फायबरची पाण्याची टाकी दोन विटांवर उभी आहे. उद्या सकाळी पहिलं काम तेच.

---

जुना_फिटर | ७ डिसेंबर, रात्री ९:५८

तिच्याखाली सपाट, सलग ओटा हवा, बुडापेक्षा मोठा. पाणी पूर्ण रिकामं करूनच उचला.

---

ओरसंगकाठ | २८ डिसेंबर, रात्री ८:००

तीन रविवार गेले. दोन मी आणि मामेभाऊ, तिसऱ्या रविवारी फिटरकाका स्वतः चांदोदला आले. आम्ही जिथे "झालं" म्हणत होतो तिथे त्यांनी नळी लावली, काही न बोलता पॉलिश पेपर परत हातात दिला. तसं चार वेळा.

आज पाण्यात उतरवली. तोच पट्टा, तीच पाणसळ, तेवढंच पेट्रोल, भाऊ मधोमध.

२० ला: अर्धा अंश उजवीकडे.
३० ला: सरळ.
पूर्ण वेगात ३७, आणि तिथे एक अंश डावीकडे.

---

मांडवीकर | २८ डिसेंबर, रात्री ८:०६

तो एक अंश माझा! टॉर्क!

---

प्राची_अलकापुरी | २८ डिसेंबर, रात्री ८:२०

दिला तुम्हाला, मांडवीकर. मात्र भरावात अजून एखादा मिलिमीटर राहिला असेल तरी तेवढंच दिसेल, त्यामुळे अर्धा तुमचा, अर्धा काकांचा.

---

जुना_फिटर | २८ डिसेंबर, रात्री ८:४५

भरावात पाऊण मिलिमीटर आहे. मला माहीत आहे कुठे. अंधार पडला म्हणून सोडला.

---

भिगवण_पाणी | २८ डिसेंबर, रात्री ९:१०

बॅटरी परत डावीकडे नेलीत का? ती तुम्ही पहिल्या दिवशी हलवली होती. ती जागेवर जाऊन परत मोजा, नाहीतर तुलना मेशी होणार नाही.

---

ओरसंगकाठ | २८ डिसेंबर, रात्री ९:२२

बरोबर पकडलंत, विसरलो होतो. पुढच्या खेपेला नेतो.

---

देवबाग | २९ डिसेंबर, सकाळी ६:४०

आजींना मधल्या फळीवर बसवा, कडेला नको. वयस्कर माणूस चढताना एकदम एका बाजूला भार देतं, तेव्हा घाटावर दोघांनी बोट धरून ठेवा. व्ही तळाची बोट थांबलेली असताना जास्त डुलते. आणि संगमावर वेग कशाला हवा, ८-१० ने न्या.

---

ओरसंगकाठ | माघ शुद्ध सप्तमी, दुपारी १:१५

नेऊन आणली. बॅटरी जागेवर, पेट्रोल अर्धं. ओरसंग नर्मदेला मिळते तिथे इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबलो. आजीने ओंजळीने पाणी घेतलं, दिवा सोडला, मग पाणसळीकडे बोट दाखवून विचारलं हे काय. सांगितलं. परत येईपर्यंत ती नदीऐवजी त्या बुडबुड्याकडेच बघत होती, आणि तो जरा हलला की मला सांगायची, "उजवीकडे चाललास."

---

कारेलीबाग_४२ | माघ शुद्ध सप्तमी, दुपारी २:४०

छान वाटलं वाचून. आता ट्रेलरच्या नव्या फळ्यांचं माप द्या, माझ्याही बदलायच्यात.

---

ओरसंगकाठ | माघ शुद्ध सप्तमी, संध्याकाळी ६:०५

दोन्ही नव्या घेतल्या, एकाच लांबीच्या. रुंदी सहा इंच, जाडी दोन इंच, वरून जाड गालिचाचा तुकडा, वाळवीसाठी खालून औषध. मागचं टोक बोटीच्या मागच्या फळीच्या बरोबर खाली येतं, एक इंच बाहेर. इंजिन जूनमध्ये काढून भिंतीवरच्या घोडीवर टांगणार. ती घोडी फिटरकाका बनवून देतायत.